सगळ्या चुका सापडणार नसतील, तर संशोधन कशाचे?

प्रश्न : मी सांगलीला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोणत्याही प्रोग्राममधील सर्व चुका अचूक शोधून देणारा प्रोग्राम लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, असे आमच्या सरांनी सांगितले. मग प्रोग्राम ॲनालिसिसमध्ये, म्हणजे प्रोग्राम कसा वागेल हे आपोआप तपासण्याच्या शास्त्रात, लोक पीएचडी कशासाठी करतात? आणि करायचीच झाली, तर महाराष्ट्रात तशी सोय आहे का?

उत्तर : सरांचे म्हणणे खरे आहे. दिलेला प्रोग्राम थांबेल की नाही हे दर वेळी ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या शोधनिबंधातून निष्पन्न होते. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी ही मर्यादा प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या जवळजवळ सर्वच प्रश्नांना लागू असल्याचे सिद्ध केले. मात्र ही अशक्यता तीन अपेक्षा एकदम धरल्या तरच आडवी येते : तपासणी नेहमी संपावी, एकही चूक निसटू नये आणि एकही इशारा खोटा नसावा. यांतली कोणती अपेक्षा सोडायची आणि किती, यावर हे सारे शास्त्र उभे आहे.

फ्रान्सचे पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या ‘ॲबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन’ या सिद्धांताने तिसरी अपेक्षा सोडली. व्हेरिएबलची (प्रोग्राममधल्या बदलत्या राशीची) नेमकी किंमत न शोधता तिची व्याप्ती धरून चालायचे, असे त्याचे एक साधे रूप आहे. समजा, एक्स हा पूर्णांक उणे ३ ते ५ यांच्या दरम्यान आहे आणि प्रोग्राम एखाद्या संख्येला ‘एक्स गुणिले एक्स अधिक १’ने भागतो. केवळ व्याप्ती पाहणारे साधन दोन्ही एक्स वेगवेगळे समजून गुणाकार उणे १५ ते २५ असा धरते, त्यात १ मिळवून उणे १४ ते २६ वर येते आणि मध्ये शून्य दिसल्याबरोबर भागाकाराबद्दल इशारा देते. वर्ग कधी ऋण नसतो हे आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. असे खोटे इशारे शेकड्यांनी येऊ लागले की प्रोग्रामर ते वाचणेच सोडून देतात. म्हणून चूक न निसटू देता ते कमी करणे, हाच माझ्या मते या विषयातला सर्वांत कस लावणारा भाग आहे.

तो कस कुठे लागतो, हे ४ जून १९९६ रोजी दिसले. एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झाले. तो कोड एरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता, आणि त्या रॉकेटवर तो सुरळीत चालला होता! पुढे कुझो यांच्याच गटाने घडवलेल्या ‘ॲस्ट्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीचा सी भाषेतील १,३२,००० ओळींचा कोड तपासला आणि त्यात रनटाइम एरर (शून्याने भागणे, मर्यादा ओलांडणे यांसारखी चालताना होणारी चूक) संभवत नाही, हे एकही खोटा इशारा न देता सिद्ध केले. राइस यांचे प्रमेय याने खोटे ठरत नाही. एका विशिष्ट धाटणीच्या प्रोग्रामसाठी ते साधन मेहनतीने जुळवून घेतले होते, इतकेच.

आता सोयीबद्दल. मुंबईच्या आयआयटीत डेटा फ्लो ॲनालिसिस (प्रोग्राममध्ये माहिती कुठून कुठे जाते याची तपासणी) आणि कंपायलरवर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनांवर) दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. तेथील उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांचे शोधनिबंध आवर्जून वाचावेत. पुण्यात टीसीएसच्या संशोधन विभागाने ‘व्हेरिॲब्स’ हे पडताळणीचे साधन विकसित केले असून ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही उतरले आहे. तूर्त लॅटिस (लहान-मोठ्या व्याप्तींचा क्रम लावणारी रचना) आणि फिक्स्ड पॉइंट (पुन्हा पुन्हा मोजूनही न बदलणारे उत्तर) यांचे गणित पक्के करावे आणि एखाद्या छोट्या भाषेसाठी वर सांगितलेले व्याप्तीचे साधन स्वतः लिहून पाहावे. लूपमध्ये व्याप्ती वाढतच गेली तर तपासणी थांबवायची कशी, हा प्रश्न तिथे लगेच पुढ्यात येईल.