आधी गोष्ट वाच

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. विद्यार्थ्यांच्या गोष्टींना आपोआप गुण देणाऱ्या तुझ्या प्रणालीचा कप्पा (यंत्राचे गुण परीक्षकांच्या गुणांशी किती जुळतात त्याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.७८ आला तरी झोप लागत नाही म्हणतोस. बरं झालं. त्या आकड्यावर ज्यांना गाढ झोप लागते, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

यंत्राने गोष्टीत काय मोजायचं ती वैशिष्ट्यं आपण हाताने ठरवायची की सगळं भाषा-मॉडेलवर सोपवायचं, हा तुझा प्रश्न नंतर. डेटासेटमधल्या किती गोष्टी तू स्वतः वाचल्यास? अख्ख्या मेलमध्ये एकीचाही उल्लेख नाही! हेवलेट फाउंडेशनच्या २०१२ च्या, यंत्राने निबंध तपासण्याच्या स्पर्धेतला, हसण्याविषयीच्या अनुभवांचा संच घेतलास ना? त्यात नावांच्या जागी 'पर्सन १' असले शिक्के आहेत. कोण हसलं तेच पुसलंय, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? आधी गोष्ट वाच.

यंत्राकडून निबंध तपासून घ्यायचं हे काम अमेरिकी संशोधक एलिस पेजने १९६६ च्या सुमारास सुरू केलं. त्याने निदान लपवाछपवी केली नाही. लेखनातला खरा गुण तो 'ट्रिन'. यंत्राला मोजता येते ती त्याची सावली, 'प्रॉक्स': लांबी, स्वल्पविराम, शब्दांचा आकार. मुद्देसूद निबंधात सावलीवर बरंच निभावतं. गोष्टीत मात्र न लिहिलेलंच बोलतं.

माझ्या पहिल्या प्रकल्पात नऊ वाक्यांची एक गोष्ट होती. मुलगा उशिरा घरी येतो, पावसात अडकलो म्हणतो. शेवट असा: 'आईने छत्री हातात घेतली. ती कोरडी होती.' आमच्या प्रणालीने तिला तळाला टाकलं. लांबी कमी, उभयान्वयी अव्यये जवळपास नाहीत, शब्दसंग्रह साधा. मला ती सापडली अहवाल देऊन झाल्यावर, सहज चाळताना.

मुदत डोक्यावर होती. परीक्षकांशी गुण जुळत होते. परीक्षकही घाईतच होते, त्यांनीही तिला कमीच दिले होते. म्हणजे यंत्र चुकलं असं आकडेवारीत कुठेच दिसणार नव्हतं. हे सगळं खरं आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी ते स्वतःला ऐकवत आलोय.

म्हणून चिडून लिहितोय, रागावू नकोस. तुझी नजर चांगली आहे, नाहीतर पोटात गोळा आला नसता. पण कोड बंद कर. पन्नास गोष्टी छापून घे, परीक्षकांचे गुण झाक, पेन्सिलीने स्वतःचे दे. जिथे तुझं आणि त्यांचं जमलं नाही, त्या गोष्टी मला पाठव. नुसत्या गोष्टी. कप्पा नको.

तुझा,
एक जुना परीक्षक