गॅस मीटरशेजारी बॅटरी ठेवली तर चालते का?

प्रश्न: सर, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. बिल्डिंगमध्ये गॅसची पाइपलाइन आली आणि मीटर स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत बसवला. तिथंच आमचा इन्व्हर्टर आणि दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. आता छतावर सोलर घेतोय तर त्याच भिंतीवर लिथियम बॅटरी लावायचीय. गॅसवाला म्हणतो बॅटऱ्या हलवा, सोलरवाला म्हणतो काही होत नाही की ओ. एका व्हिडिओत ३ फूट सोडलं की पुरे असं सांगितलंय. किती फूट सोडायचं?

उत्तर: ताई, गॅसवाल्याचं ऐका आणि सोलरची लिथियम तर त्या भिंतीवर अजिबात लावू देऊ नका.

आधी एकदा बाल्कनीत जाऊन बघा. मीटरच्या अलीकडं बशीसारखा गोल रेग्युलेटर असतो, त्याच्या आत रबरी पडदा असतो, तो लाइनचं प्रेशर साधारण २१ मिलीबारपर्यंत खाली आणून घरात सोडतो. त्या बशीला एक बारीक भोक दिसेल, त्याला व्हेंट म्हणतात. पडदा फाटला तर गॅस तिथनं बाहेर येतो, म्हणून अंतर मोजायचं ते मीटरच्या डब्यापासून नाही, त्या भोकापासून.

आता ठिणगी कुठं पडते ते बघू. लाइट गेली की इन्व्हर्टरमधनं टक् आवाज येतो ना, ती आतली रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, पलटते, तिथं बारकी ठिणगी पडते, आणि हे लाइट जाताना एकदा आणि येताना एकदा, उन्हाळ्यात दिवसातनं किती वेळा ते तुम्हीच मोजा. शिवाय बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमून नट सैल झाला असेल तर तिथंही ठिणगी पडते. वर ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना स्वतःच हायड्रोजन सोडते, तो हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो ५ ते १५ टक्क्यांत पेटतो. दोन्ही हवेपेक्षा हलके, दोन्ही वर स्लॅबखाली जाऊन साठतात.

म्हणूनच ते ३ फुटांचं व्हिडिओतलं गणित मला इथं पटत नाही. अमेरिकेत बऱ्याच गॅस कंपन्या व्हेंटपासून ठिणगीच्या वस्तूपर्यंत साधारण ३ फूट मागतात हे खरंय, पण तिथं मीटर घराबाहेर उघड्यावर असतो, गॅस सुटला तरी वाऱ्यावर निघून जातो. आपण काय करतो, धूळ येते म्हणून ड्राय बाल्कनीला वरपर्यंत काचा लावतो. त्या काचेच्या पेटीत ३ फूट काय आणि ५ फूट काय, गॅस साठायला जागा तीच की. त्यामुळे तुमच्या गॅस कंपनीकडनं अंतर लेखी घ्याच, पण माझं म्हणणं असं की मीटर आणि बॅटरी एका बंद जागेत नकोतच, आणि काचेची वरची पट्टी आजच उघडी करा.

लिथियमचं म्हणाल तर ती रोजच्या कामात हायड्रोजन सोडत नाही हे बरोबर, पण सेल बिघडून तापला तर त्यातनंही पेटणारा वायू निघतो. आणि आपला मे महिना! बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगची मर्यादा ४५ डिग्री असते, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ३ वाजता हात लावून बघा, टेकवत नाही. तेव्हा सावलीतली, हवेशीर, बेडरूमपासून लांब आणि जिन्यात आडवी न येणारी जागा शोधा.

हलवताना इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडीनं हलवा. त्यांच्यामधली जाड वायर आखूडच पाहिजे, वाढवायची असेल तर २३० व्होल्टची वायर वाढवा. गॅसच्या पाइपला मात्र स्वतः हात लावायचा नाही. विजापूर रोडच्या एका घरात मी बघितलं, वायरमननं पिवळ्या गॅस पाइपचा रंग खरवडून तिथं क्लॅम्प मारलेला आणि अर्थिंगची हिरवी वायर त्यावर बांधलेली. बघून अंगावर काटा आला. तुमच्या बाल्कनीत असं काही दिसलं तर गॅस कंपनीला आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

प्रश्न: आमच्याकडं पाइपलाइन नाही, सिलेंडरच आहे. ओट्याखाली सिलेंडर आणि शेजारच्या कप्प्यात इन्व्हर्टर, चालेल का?

उत्तर: नाही चालत. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवरनं पाण्यासारखा पसरतो आणि खालच्या कप्प्यातच जाऊन बसतो, म्हणजे नेमका तुमच्या इन्व्हर्टरपाशी. साधारण २ टक्क्यांतच तो पेटतो. इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत न्या, घर लहान असलं तरी ही एक अडचण सोसा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा, ही बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. गॅसचा वास आला की काही जण धावत जाऊन मेन स्विच पाडतात. तो पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, लगेच टक्, रिले पलटली, आणि घरात करंट सुरूच. म्हणून वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, पाडायचंही नाही. रेग्युलेटरचा नॉब बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर काढायची, आणि फोन घरात न लावता अंगणात जाऊन १९०६ ला, म्हणजे सिलेंडरच्या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला, लावायचा.