रत्नागिरीत वापरलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतला आहे, आधी काय तपासू?

आधी मागचं झाकण उघडून गंज बघा, बॅटरीचं नंतर. मी इथेच दुरुस्ती करतो. खाऱ्या, दमट हवेने तांब्याच्या संपर्कांवर हिरवट थर धरतो आणि मग यूएसबी किंवा रॅम कधी चालते, कधी नाही. चार्जर काढून, बॅटरीची वायर सुटी करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने त्या संपर्कांवर लावा, पूर्ण वाळू द्या. (ओल काढायला तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला ऐकू नका.) मग विंडोज नव्याने टाका आणि विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढा: फुल चार्ज कपॅसिटी (आता बॅटरीत मावणारा चार्ज) डिझाइन कपॅसिटीच्या (नवी असतानाच्या क्षमतेच्या) निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलाच. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर स्वतः काही करू नका, चार्जिंगलाही लावू नका, थेट दुकानात न्या.