विचारा बिनधास्त : आठ जण, एक टेबल, एक बिल

प्रश्न : आम्ही आठ मित्रमैत्रिणी बऱ्याच वर्षांनी एकत्र जमतोय. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार, सगळी जेवणं बाहेर. आमच्यात बिल नेहमी समान वाटलं जातं. मी पीत नाही, खाणंही बेताचं, त्यामुळे दर वेळी मला भुर्दंड बसतो. बोलले तर सगळे चिंधी म्हणतील. काय करू?

उत्तर : बोला, पण बिल यायच्या आत. फोल्डर टेबलावर आला की तोंड उघडणारा माणूस हिशेबीच दिसतो, मग त्याचं म्हणणं कितीही रास्त असो. माझी उमेदीची वर्षं रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर गेली. मोठ्या ग्रुपमध्ये एक तरी चेहरा त्या क्षणी मोबाइलमध्ये खुपसलेला असायचाच. तो मेसेज वाचत नसायचा, मनातल्या मनात भागाकार करत असायचा.

तुमचं दुखणं फक्त तुमचं नाही. अर्थशास्त्रज्ञ युरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये सहा-सहा अनोळखी माणसांना जेवायला बसवून हेच तपासलं. निबंध 2004 साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आला. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं, त्यांनी सरासरी 37 शेकेलचं (शेकेल म्हणजे तिथलं चलन) मागवलं. समान वाटणी म्हटल्यावर आकडा 51 वर गेला, आणि फुकट म्हटल्यावर 82 वर. कारण उघड आहे. आठ जणांत वाटणी असेल, तर जास्तीच्या प्लेटचा आठवा हिस्साच आपल्या खिशातून जातो आणि हात सैल सुटतो. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. ऑर्डर द्यायच्या आधी पद्धत निवडायला सांगितली, तेव्हा 80 टक्के लोकांनी आपापलं बिल निवडलं. ती माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, हे खरं. मित्रांमध्ये थोडी लाज असते. पण भिडेखातर गप्प बसणंही मित्रांमध्येच जास्त असतं.

तर ग्रुपवर आजच एक ओळ टाका : ‘खाणं समान, पिणं ज्याचं त्याचं.’ एवढंच. कारणं देऊ नका, स्मायली नको, ‘कुणाला वाईट वाटणार नसेल तर’ तर मुळीच नको. पूर्ण टीटीएमएम मी सुचवणार नाही. मधे ठेवलेल्या प्लेटमधून कुणी किती घास घेतले, हे मोजत बसलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

आणि बसल्या बसल्या कॅप्टनला सांगा : खाण्याचं एक बिल, ड्रिंक्सचं वेगळं. सुरुवातीला सांगितलं की तो ऑर्डर घेतानाच खुर्चीचे नंबर टाकतो. दाराकडची खुर्ची एक, मग क्रमाने पुढे. जेवण संपल्यावर सांगितलंत तर बिचारा सगळे केओटी, म्हणजे किचनला दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, उलगडून ‘हा तिसरा ग्लास कुणाचा?’ असा लिलाव पुकारत उभा राहतो, आणि त्या ग्लासाला कधीच मालक नसतो.

‘एक जेवण मी, एक तू’ असं कुणी सुचवेल. दोघा-तिघांत ते छान चालतं. तुम्ही आठ आणि मोठी जेवणं चार. चौघं फुकट जेवून घरी जातील. नाश्त्याचं बिल भरायला मात्र सगळे धावतात, हेही पाहून ठेवा.

प्रश्न : आमच्यात प्रत्येक जण मुद्दाम वेगळं मागवतो. माझी पाळी येईपर्यंत मला हवं ते कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून मी दुसरंच काही घेतो आणि मग पस्तावतो. असं का?

उत्तर : डॅन अरिएली आणि जोनाथन लेवाव यांचा 2000 सालचा याच विषयावर अभ्यास आहे. मोठ्याने ऑर्डर द्यायची असेल तर अमेरिकेतले लोक आधीच्या माणसापेक्षा वेगळी बिअर मागत, आणि ती त्यांना कमी आवडे. सुखी फक्त पहिला. हाँगकाँगमध्ये उलट, तिथे लोक आधीच्याचंच मागत. तेव्हा मेनू मिटण्याआधी ठरवा आणि पहिले बोला. पहिलं बोलता आलं नाही तर ‘मलाही तेच’ म्हणा. किचनला त्याचा आनंदच होतो. आठ वेगळ्या डिश म्हणजे आठ वेगळ्या वेळा. जी आधी होते ती पासवर, म्हणजे किचनमधून डिश बाहेर देतात त्या ओट्यावर, थांबून गार होते, नाहीतर तुमच्यासमोर एकटीच येते आणि बाकीचे सात जण तुमच्या ताटाकडे बघत बसतात.

प्रश्न : माझं वय साठीच्या पुढे. मित्रांना गजबजलेली ठिकाणं आवडतात. मला तिथे निम्मं ऐकूच येत नाही, मी नुसता हसून मान डोलावतो. कान तपासावेत का?

उत्तर : तपासाच, त्यात कमीपणा काय? पण दोष खोलीचाही आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी 1911 साली हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार इफेक्ट म्हणतात. एक टेबल आवाज चढवतं, मग शेजारचं चढवतं. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. भरलेल्या हॉलचा गोंगाट 80 पर्यंत सहज जातो. काच, उघडी फरशी, उंच छत असेल तर आवाज जिरायला जागाच नाही. फोटोत ही ठिकाणं फार देखणी दिसतात.

बुकिंग तुम्ही करा, म्हणजे निवड तुमच्या हातात राहील. गर्दी व्हायच्या आधीची वेळ घ्या. स्पीकर, बार काउंटर आणि किचनचं दार यांपासून लांबचं कोपऱ्यातलं टेबल मागा, शक्यतो गोल. लांबट टेबलावर टोकाला बसलात तर तुमच्या वाट्याला एकच शेजारी येतो, आणि तो बहुधा फोनवर असतो.

प्रश्न : बिल भरल्यावर किती वेळ बसलं तर चालतं?

उत्तर : दारात कुणी ताटकळत नसेल तर खुशाल बसा. शनिवारी रात्री रांग असेल तर उठा, गप्पा बाहेर उभ्यानेही होतात. वेटर तिसऱ्यांदा ‘आणखी काही?’ विचारायला आला, तर त्याला तुमची काळजी वाटतेय असं समजू नका.