हाताने बनवलेले चामड्याचे गिटार पट्टे विकून छोटा व्यवसाय चालतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात नोकरी करता, हौसेने स्वतःच्या गिटारसाठी चामड्याचा पट्टा केलात, तो बघून चार मित्रांनी मागितला. आता हा घरगुती व्यवसाय म्हणून जमेल का, भांडवल किती लागेल आणि पट्टा कितीला विकायचा?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तीन पिढ्या पायताणाचं काम आहे. वडील अजूनही कानवाली चप्पल शिवतात आणि मी सात वर्षांपासून गिटारचे पट्टे करतो. व्यवसाय चालतो. महिन्याला वीस-पंचवीस पट्टे जातात, आणि चपला व पट्टे मिळून घर चालतं. पण नुसत्या पट्ट्यांच्या जोरावर नोकरी सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही.

पैशाचं पुढे सांगतो. आधी पट्टा गिटारला अडकवायच्या भोकाचं सांगू द्या, कारण या धंद्यात मला सगळ्यात महाग पडलं ते भोक.

दुसऱ्या वर्षी एका बास गिटार वाजवणाऱ्या मुलाला पट्टा दिला होता. दिसायला देखणा, तीन इंच रुंद, कडा काचेसारख्या घासलेल्या. पाच महिन्यांनी त्याचा फोन आला: सराव चालू असताना पट्टा खुंटीवरून, म्हणजे गिटारच्या अंगावर पट्टा अडकवायचं जे बटण असतं त्यावरून निसटला, गिटार फरशीवर पडलं आणि मानेच्या टोकाशी तडा गेला. मी पट्टा परत मागवून घेतला. भोक लांबट होऊन अंड्यासारखं झालं होतं. वडिलांनी तो हातात घेतला, टोकाशी दुमडला आणि म्हणाले, "हे पोटाचं हाय. वर बघ, कशी सुरकुती धरली." खरंच, दुमडलेल्या जागी बारीक सैल सुरकुत्या उठल्या होत्या. पाठीचं चामडं तसंच दुमडून दाखवलं तर त्यावर घट्ट, गुळगुळीत वळ पडला. चामडं वाया जाऊ नये म्हणून मी कडेची, जनावराच्या पोटाकडची पट्टी वापरली होती. त्या मुलाच्या गिटारच्या दुरुस्तीचे पैसे मी भरले आणि त्याला नवा पट्टा दिला. तो आजही माझं गिऱ्हाईक आहे.

म्हणून पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने लांबीला कापा. कण्याच्या दिशेने चामडं कमी ताणतं. पोट, बगल आणि मानेकडची सैल जागा किल्लीच्या अडकवण्या, गिटारच्या पिकांचे (तारा छेडायच्या चकत्यांचे) खिसे, केबल बांधायच्या पट्ट्या यांना ठेवा. ते विकलंही जातं. जाडी एकेरी पट्ट्याला तीन ते साडेतीन मि.मी. हवी. लेस पॉलसारखं जड इलेक्ट्रिक गिटार चार-साडेचार किलोचं असतं आणि ते माणसाच्या खांद्यावर दोन-दोन तास लटकतं, हे कापताना डोक्यात ठेवा.

आता भोक. साधारण नऊ मि.मी.चं गोल भोक पाडायचं आणि त्याला जोडून बारा मि.मी.ची चीर. चिरेचं तोंड पट्ट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे खांद्याकडे हवं. पट्टा खांद्याकडे ओढला जातो, त्यामुळे खुंटी भोकाच्या बाहेरच्या कडेवर दाबते. चीर बाहेरच्या बाजूला ठेवलीत तर खुंटी तिच्यातच सरकते आणि चामडं टोकाकडे फाटत जातं. चिरेच्या शेवटी दोन मि.मी.चं बारकं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे धावत नाही. भोकापासून टोकापर्यंत निदान पाऊण इंच चामडं शिल्लक ठेवा. नवा पट्टा खुंटीवर बसवताना अंगठा दुखला पाहिजे. सहज बसला तर तो सहज निघेलही.

ऑर्डर घेताना गिटार कोणतं ते विचाराच. इलेक्ट्रिकला बहुधा दोन्हीकडे खुंट्या असतात. स्वस्तातल्या बऱ्याच ॲकूस्टिकना फक्त बुडाला एक खुंटी असते, तिथे पट्ट्याचं दुसरं टोक मानेच्या डोक्याशी, तारांच्या खालून बांधावं लागतं. त्यासाठी मी प्रत्येक पट्ट्यासोबत चामड्याची एक वादी देतो. आमच्या चपलांना शिवायला जी वादी वापरतात तीच, फक्त थोडी रुंद. वसईच्या एका चर्चमधल्या गायकवृंदाने पहिल्यांदा सहा पट्टे घेतले ते या वादीमुळेच. त्यांच्या सगळ्या गिटारांना एकच खुंटी होती आणि ते बुटाच्या नाडीने भागवत होते. ज्या ॲकूस्टिकच्या बुडाच्या खुंटीतच केबलची जागा असते, ती खुंटी जाड असते आणि तिथलं भोक मोठं लागतं. लांबी विचारताना उंची विचारू नका. सध्याचा पट्टा या भोकापासून त्या भोकापर्यंत मोजून सांगा म्हणावं. मी बेचाळीस ते चोपन्न इंचांत मागेपुढे होईल असा करतो.

चामडं म्हशीचं घ्या आणि व्हेज-टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं. आमच्याकडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले. क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि स्वस्त असतं, पण ते ताणतं आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, गाईंवर ती आधीपासूनच होती. त्यामुळे दुकानदाराकडून कमावलेला माल पक्क्या बिलावर घ्या आणि बिल जपून ठेवा. पुण्याहून तुम्हाला धारावी एका दिवसात जाऊन-येऊन होते. पहिल्यांदा जाल तेव्हा फोनवर ऑर्डर देऊ नका. हाताने दुमडून, पाठ-पोट बघून, नखाने दाबून घ्या.

पट्ट्याची आतली, खांद्यावरची बाजू फार गुळगुळीत करू नका. काही गिटारांचं, विशेषतः गिब्सनच्या एसजी या मॉडेलचं आणि काही बासचं, डोकं खाली झुकतं. आतली बाजू किंचित खरखरीत असली की ती शर्टाला धरून राहते आणि वाजवणाऱ्याचा डावा हात मोकळा राहतो. आतून रेक्झिनचं अस्तर लावू नका, दिसायला छान दिसलं तरी. गिब्सनसारख्या गिटारांवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, म्हणजे चकचकीत लेप असतो. पट्टा गिटारवरच गुंडाळून पेटीत ठेवला की प्लास्टिकच्या स्पर्शाने त्या लॅकरवर कायमचे डाग पडतात.

रंगाचं दुखणं वेगळं. पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा आणि वर घाम, म्हणजे तक्रार ठरलेली. रंगवलेला पट्टा दोन दिवस वाळवून मग ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून घासा. फडकं स्वच्छ राहीपर्यंत तो पाठवायचा नाही. काळ्यासाठी मी बाजारचा रंग वापरणं सोडून दिलं. लोखंडाचे गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवतो आणि ते पाणी गाळून चामड्यावर फिरवतो. सालीतल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होते आणि चामडं डोळ्यांदेखत आधी राखाडी, मग निळसर, मग काळं होतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा हात थांबेल. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून भरपूर तेल द्यायचं, नाहीतर चामडं कडक होऊन तडकतं. हा काळा रंग वरून लावलेला नसतो, त्यामुळे शर्टाला लागत नाही. याच कारणाने साधं लोखंडी बक्कल ओल्या चामड्यावर टेकवू नका, तिथे काळा डाग पडतो तो निघत नाही. बक्कल लावायचंच तर पितळी किंवा स्टीलचं लावा, आणि गिटारच्या पाठीला घासणार नाही अशा जागी. मी बक्कल टाळतो, पट्टीला चिरा पाडून शेपूट ओवून घेतो. बक्कल नाही म्हणजे त्याचा ओरखडाही नाही.

शिवण हाताची, दोन सुयांची. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढची उसवायला वेळ लागत नाही. दोन सुयांच्या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. गिऱ्हाइकाला हे दाखवा, त्याला लगेच कळतं.

आता भांडवल. पाट, पोलादी पट्टी, रापी (चामडं कापायची सुरी), आरी (टोचा), भोकं पाडायचे दोन-तीन मापांचे पंच, लाकडी हातोडा, कड तासायचं हत्यार, मेणाचा दोरा, सुया हे सगळं मी साधारण सात हजारांत जमवलं होतं. त्यात वडिलांची रापी होती म्हणून थोडं वाचलं. पहिलं चामडं तीन-चार हजारांचं. मशीन घेऊ नका.

एका पट्ट्याचा माझा हिशोब असा. चामडं, कापणीतली नासाडी धरून दीड चौरस फूट, २६० रुपये. दोरा, रंग, तेल, रिव्हेट ८०. खोका-कागद ६०. कुरिअर १००. झाले ५००. वेळ तीन तास. इथे नव्या माणसाची चूक होते, तो स्वतःचे तास शून्य धरतो. मी तासाला १५० धरतो, म्हणजे ४५०. एकूण ९५०. मी साधा पट्टा १,६५० ला विकतो. मधल्या सातशेत बिघडलेले पट्टे, बदलून दिलेले पट्टे, हत्यारांची झीज, फोटो आणि ज्या दिवशी काहीच विकलं जात नाही तो दिवस, एवढं सगळं बसवायचं असतं. वाद्यांच्या दुकानात ठेवायला गेलात तर दुकानदार ३५ ते ४० टक्के मागेल. चाळीस टक्के गेले की तुमच्या हातात ९९० येतात. ते एखाद-दुसऱ्या दुकानात जाहिरात म्हणून चालतं, रोजचा धंदा म्हणून नाही. आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या नायलॉनच्या पट्ट्याशी भावात कधीच स्पर्धा करू नका.

विक्री मला सगळ्यात जास्त मिळाली ती वाजवणाऱ्यांच्या ओळखीतून. गिटार शिकवणारे सर, दुरुस्ती करणारे कारागीर, कॉलेजचे बँड. पुण्यात तुम्हाला हे सगळे हाताशी आहेत. एका शिक्षकाला चांगला पट्टा द्या, पण पूर्ण पैसे घेऊन. फुकट दिलेला पट्टा कपाटात पडतो. इन्स्टाग्रामवर तयार पट्ट्याच्या फोटोपेक्षा कड घासतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त ऑर्डरी आणतो, हा माझा अनुभव. नाव कोरून देणं टाळा असं मी आधी म्हणायचो, आता मत बदललंय. नाव असलेला पट्टा कोणी परत करत नाही, फक्त पैसे आगाऊ घ्या आणि स्पेलिंग लेखी मागवा.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून टाका. माल विकणाऱ्याला राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण परराज्यात माल पाठवला की नियम बदलतात, आणि हस्तकलेच्या वस्तूंना त्यात वेगळी सवलत आहे. पहिली बंगळूरची ऑर्डर यायच्या आधी सीएसमोर एकदा बसा. परदेशी पाठवायचं तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, ५०० रुपये फी आहे. अमेरिकेचं गणित मात्र बदललंय. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिथे जी करमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली, त्यामुळे कर कोण भरणार हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. मी सध्या तिकडच्या ऑर्डरी ओळखीतून आल्या तरच घेतो.

पावसाळ्यात साठा करू नका. व्हेज-टॅन चामड्यावर आठवड्यात पांढरी बुरशी येते. आम्ही जून ते सप्टेंबर ऑर्डरीपुरतंच कापतो, चामडं गुंडाळून न ठेवता दांडीवर वारं लागेल असं टांगतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत काहीही बंद करत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हेच काम पुण्याच्या फ्लॅटमध्ये केलं की त्याला लेदर क्राफ्ट म्हणतात आणि माझ्या वडिलांनी केलं की चांभारकी. त्याच रापीने, त्याच हाताने. माझ्या आजोबांना गावात याच कामामुळे लोक चार हात लांब ठेवायचे. तुम्ही हे काम हौसेने हातात घेताय याचा मला आनंदच आहे, पण शिकायला व्हिडिओंच्या आधी एखाद्या कारागिराकडे जाऊन बसा. पुण्यात आहेत, इकडे कोल्हापूरच्या सुभाषनगरात तर गल्लोगल्ली आहेत. चार रविवार बसा आणि शिकवणीचे पैसे द्या, ते नको म्हणाले तरी. पुढे ऑर्डरी वाढल्या तर शिवणकाम त्यांच्याकडेच द्या आणि तासाचा भाव तोच लावा जो स्वतःला लावता.

मित्रांचे चार पट्टे देण्याआधी एवढं करा. एका जाड फळीत गिटारच्या दोन खुंट्या स्क्रूने बसवा, फळी आडवी धरून पट्टा दोन्ही खुंट्यांवर चढवा आणि तो दाराच्या वरच्या कडीला टांगा. फळीला दहा किलो तांदळाची पिशवी बांधा आणि रात्रभर लटकू द्या. पट्टा टांगण्याआधी आणि सकाळी, दोन्ही वेळा मोजा. भोकाचा आकार बदलला असेल किंवा लांबी अर्ध्या इंचाहून जास्त वाढली असेल तर तो पट्टा विकू नका. आमच्या दाराला ती फळी अजून लटकलेली असते.