सहा महिने वजन ८४ किलोवरच अडकले आहे. खाणे-चालणे नियमित आहे, तरी रोज सकाळी काटा पाहून रडू येते. मनाला कसे सांभाळावे?

ताई, प्रश्नाखाली तुम्ही दिलेला तपशील मी दोनदा वाचला. दीड वर्षापूर्वी ९७ किलो, मग वर्षभरात ८४, आणि त्यानंतर सहा महिने काटा जागचा हललेला नाही. डिसेंबरमध्ये नणंदेचे लग्न आहे. यजमान "आता सोडून दे" म्हणतात, आणि तुम्हाला ते सोडवतही नाही आणि धरवतही नाही. मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, वय ४७. पण वजन असेच अडकलेले नऊ महिने मी स्वतः काढले आहेत, म्हणून लिहिते आहे.

माझे वजन जून २०२१ मध्ये ९२ किलो होते. एप्रिल २०२२ पर्यंत ते ७८ वर आले आणि तिथेच बसले. पुढचे नऊ महिने ते ७७.६ आणि ७८.९ यांच्यामध्ये वर-खाली होत राहिले. त्या काळात पहाटे साडेपाचला, घर उठायच्या आत, मी काटा न्हाणीघराच्या दाराशी नेत असे. तो फरशीच्या ठरलेल्या चौकोनावरच ठेवायचा, कारण शेजारच्या चौकोनावर तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवी. मग बांगड्या उतरवायच्या, केसांचा चाप काढायचा, मंगळसूत्र काढून खुंटीला अडकवायचे आणि श्वास सोडून उभे राहायचे. ७८.४. उतरून पुन्हा चढायचे. ७८.४. लग्नाला बावीस वर्षे झाली, दोन बाळंतपणे झाली, पण ते मंगळसूत्र मी स्वतःहून कधी गळ्यातून काढले नव्हते. ते मी वीस-पंचवीस ग्रॅमसाठी रोज काढू लागले होते. त्यानंतरचा दिवस कसा जायचा हे त्या आकड्यावर ठरे. वर्गात एखाद्या मुलावर विनाकारण आवाज चढला, तर त्याचे मूळ पहाटेच्या त्या दोन मिनिटांत असे, आणि हे माझ्या ध्यानात यायला बरेच महिने लागले.

तुमच्या रडण्याला मी दुःखच म्हणेन, कारण त्यात काहीतरी खरोखर हरवलेले आहे. वजन उतरत असते तेव्हा काटा दर आठवड्याला शाबासकी देतो. हळदीकुंकवाला चार बायका "किती बारीक झालीस गं" म्हणतात, जुने कपडे सैल होतात, आणि दोन घास कमी खाल्ल्याची भरपाई लगेच हातात पडते. वजन अडकले की कष्ट तेवढेच राहतात. पहाटेचे चालणे, मोजून घेतलेली भाकरी, लग्नातल्या जिलेबीला दिलेला नकार, सगळे तसेच. दाद मात्र बंद होते, आणि जिने इतके दिवस मन लावून केले तिलाच वाटू लागते की आपले काहीतरी चुकते आहे. त्यात लोकांचा संशय भर घालतो. मी ज्या व्यायामशाळेत जात असे तिथल्या प्रशिक्षकाने मला सर्वांसमोर विचारले होते, "मॅडम, घरी चोरून खाता का?" मी त्या दिवशी तिथून बाहेर पडले आणि गाडीच्या चाव्या हातात धरून बराच वेळ रस्त्यावर उभी राहिले. कष्ट करूनही खोटे ठरवले जाणे हे वजन न उतरण्यापेक्षा जास्त लागते.

हा संशय आपल्या मनातही शिरतो, म्हणून त्याचा एकदा स्वच्छ निकाल लावावा असे माझे मत आहे. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लोकांचे खाणे त्यात शास्त्रीय पद्धतीने तपासले गेले, तेव्हा ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत असल्याचे आढळले. ही माणसे लबाड होती असा त्याचा अर्थ मी घेत नाही. फोडणीचे तेल, स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलांच्या ताटात उरलेला भात यांची नोंद मन ठेवतच नाही. मी एक आठवडा तेलाची बरणी सोमवारी मोजून ठेवली आणि रविवारी पुन्हा मोजली. माझ्या अंदाजापेक्षा तेल बरेच जास्त गेले होते. ते कळल्यावर वाईट वाटण्याऐवजी हायसे वाटले, कारण निदान एक कारण तरी डोळ्यांना दिसले होते. तुम्हीही एकच आठवडा हे करून पाहा, पण ते स्वतःवरच्या खटल्यासारखे करू नका, आणि रोज मोजण्याची सवय तर अजिबात लावून घेऊ नका.

शरीराची बाजू समजून घेतल्यावर माझे मन सर्वांत जास्त निवळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. तुमचे १३ किलो उतरले आहेत. म्हणजे या हिशेबाने तुमचे शरीर पूर्वीपेक्षा रोज साधारण ३०० कॅलरी कमी जाळते आहे आणि १३०० कॅलरी जास्त मागते आहे. ही सरासरी आहे, प्रत्येकीला ती तंतोतंत लागू होईल असे नाही. पण सहा महिने वजन ८४ वर राहिले, वाढले नाही, याचा अर्थ ही ओढ तुम्ही सहा महिने रोज थोपवून धरली आहे. मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटले तरी भुकेची संप्रेरके पूर्ववत झालेली नव्हती. तेव्हा रात्री साडेदहाला स्वयंपाकघराकडे पाय वळतात म्हणून स्वतःला लोभी म्हणू नका.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्याच वाटेवर आहात अशी मला भीती वाटते. काटा हलेना तेव्हा मी रात्रीचे जेवण बंद केले आणि त्या जागी वाटीभर मुगाचे कढण घेऊ लागले. तीन आठवड्यांत केस मूठमूठ गळू लागले, झोप उडाली, घरातल्या साध्या बोलण्यानेही डोळे भरू लागले, आणि एका रात्री मी अंधारात डब्यातला चिवडा उभ्याउभ्याच संपवला. पुढे मी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगाविषयी वाचले. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. ते तरुण चिडचिडे आणि उदास झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. ते मुळातच सडपातळ होते आणि त्यांची उपासमार आपल्या आहारनियमनापेक्षा कितीतरी कडक होती, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही ते वाचून माझ्या मनावरचे ओझे उतरले. माझ्या रडण्यातला बराचसा भाग स्वभावाचा नव्हता, पोटाचा होता. तुम्हीही आधी स्वतःला विचारा की मी पोटभर जेवते आहे का आणि सात तास झोपते आहे का. याचे उत्तर "नाही" असेल, तर मनाची समजूत घालण्याआधी ताट भरायला हवे.

माझ्या डॉक्टरीण बाईंनी तेव्हा जे सांगितले ते मला फार उपयोगी पडले. त्या म्हणाल्या, "दोन महिने वजन कमी करायचे नाही. वाढू द्यायचे नाही, एवढेच तुमचे काम." मी दोन वेळा नीट जेवू लागले, सकाळचे चालणे चालू ठेवले, आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम घरीच सुरू केला. वजन साताठशे ग्रॅमने वाढले आणि तिथे थांबले. तोच आकडा, तेच आयुष्य, पण ठरवून थांबल्यामुळे त्या आकड्याला हार म्हणण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर वजन पुन्हा हळूहळू उतरून ७४ वर आले आणि गेले वर्षभर तिथेच आहे. हा विसावा घेतला म्हणून ते उतरले असे मी ठामपणे सांगणार नाही. त्या दोन महिन्यांत मी पुन्हा हसू लागले, एवढे मात्र नक्की.

काट्याविषयी तुम्ही थेट विचारले आहे की तो फेकून द्यावा का. फेकू नका, पण हाताशी ठेवू नका. माझ्या यजमानांनी माझ्या सांगण्यावरून तो माळ्यावर ठेवला आणि फक्त रविवारी काढून द्यायचे कबूल केले. पहिला आठवडा फार अवघड गेला. पहाटे उठून मी त्या रिकाम्या फरशीशी जाऊन उभी राहत असे. एका दिवसाच्या आकड्यात पाणीच पुष्कळ असते. शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहते. त्यामुळे एका लग्नाच्या जेवणाने, खारट लोणच्या-पापडाने किंवा पाळीच्या आधीच्या चार दिवसांत एक-दोन किलोंचा फरक सहज दिसतो आणि त्यात चरबीचा संबंध फारसा नसतो.

काट्याच्या जागी शिंप्याची टेप आणा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. भारतीयांच्या बाबतीत हे माप विशेष महत्त्वाचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. एकच आकडा दोन निराळ्या शरीरांविषयी किती कमी सांगतो हे मी आता नववीच्या वर्गातही याच उदाहरणाने समजावते. माझ्या त्या नऊ महिन्यांत वजन हलले नाही, पण कंबर ९८ सेंटिमीटरवरून ९३ वर आली होती. मला ते टेपने कळण्याआधी आमच्या शिवणाऱ्या काकूंना कळले होते. जुने ब्लाउज हातात घेऊन, त्याची शिवण उलगडून पाहत त्या म्हणाल्या, "दोन्हीकडून आत टीप घालावी लागेल हो बाई." वजन तर तेवढेच आहे असे मी त्यांना सांगितले. त्यांनी काही न बोलता टाचण्या लावल्या.

यजमानांचे "सोडून दे" हे बहुधा तुमचे रडणे पाहवत नाही म्हणून आलेले आहे. त्यांना नेमके काय हवे ते सांगा: सल्ला नको, वजनाची चौकशी नको, रात्री जेवल्यावर अर्धा तास बरोबर चाला. माझ्या घरी एवढ्याने खूप फरक पडला. बाहेरच्यांना मी एकच वाक्य ठरवून ठेवले होते, "तब्येत छान आहे," आणि त्यावर विषय बदलत असे.

सहा महिने हा मोठा काळ आहे, म्हणून एकदा डॉक्टरांना भेटून थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि चालू असलेली सगळी औषधे त्यांना दाखवा, कारण काही औषधांनीही वजन अडकते. आणि एक गोष्ट मनापासून सांगते. जेवण झाल्यावर मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, लपून खाणे, किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही होत असेल, तर काट्याचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला नणंदेच्या लग्नाचा प्रश्न. "अजून पाच किलो उतरल्यावर शिवू" म्हणून तुम्ही साडी तशीच कपाटात ठेवली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मीही भाच्याच्या मुंजीला तसेच केले होते आणि शेवटच्या आठवड्यात उसने ब्लाउज घालून गेले. दिवसभर फोटोत मागे उभी राहिले. तुम्ही या आठवड्यात कापड घेऊन जा, आजच्या मापाचे ब्लाउज टाका, आणि शिवणाऱ्या बाईंना आत दोन बोटे माया ठेवायला सांगा.