निगेटिव्ह स्कॅन करताना सॉफ्टवेअरने रंगांना हात लावू नये, यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न असा : प्लस्टेक ८२००आय या फिल्म स्कॅनरवर एकाच रोलच्या शेजारशेजारच्या फ्रेमचे रंग वेगवेगळे येतात, तर काहीही प्रक्रिया न झालेलं स्कॅन मिळेल का? मिळतं, आणि जुन्या निगेटिव्ह जपायच्या असतील तर तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. रंग नंतर शंभर वेळा बदलता येतात. स्कॅन करताना कापली गेलेली छटा परत येत नाही.

मी व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. यासाठी त्याची प्रोफेशनल आवृत्ती लागते. आउटपुटमध्ये जेपेग बंद करून ‘रॉ फाइल’वर खूण करा आणि ४८ बिट आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल) निवडा. धूळ काढण्यासाठी इन्फ्रारेड चॅनेलही हवा असेल तर ६४ बिट आरजीबीआय. चांदीवर आधारलेल्या कृष्णधवल फिल्मला मात्र त्याचा उपयोग नाही, चांदी इन्फ्रारेडही अडवते. ३६०० डीपीआयला ४८ बिटची एक फ्रेम साधारण १०० एमबीची होते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवा.

फाइल नारिंगी आणि काळपट दिसेल. बिघडलेलं काही नसतं. नारिंगी रंग मास्कचा, म्हणजे रंगीत निगेटिव्हमध्ये मुळातच असलेल्या छटेचा, आणि काळपटपणा गॅमा १.० असल्यामुळे, म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवल्यामुळे.

खरी गोम एक्स्पोजरमध्ये, म्हणजे स्कॅनरचा सेन्सर किती प्रकाश घेतो त्यात आहे. ते दर फ्रेमला आपोआप ठरत असेल, तर रॉ फाइलमध्येही रंग सरकतात, कारण हा बदल फाइल बनण्याआधीच झालेला असतो. म्हणून आधी दोन फ्रेममधली कोरी पट्टी निवडून प्रीव्ह्यू घ्या आणि ‘लॉक एक्स्पोजर’ करा. निगेटिव्हमधून सर्वांत जास्त प्रकाश तिथूनच पार होतो. तिथे तिन्ही चॅनेल मर्यादेत राहिले, तर पुढे चित्रात कुठेच कापले जाणार नाहीत. रोलच्या सुरुवातीचा काळा तुकडा यासाठी घेऊ नका, त्याच्यावर आधीच उजेड पडलेला असतो. वेगळ्या कंपनीची फिल्म आली की हे पुन्हा करायचं.

निगेटिव्ह उलटवून पॉझिटिव्ह करायला डार्कटेबल या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर हे मॉड्यूल मोफत आहे. त्यात फिल्मच्या बेसचा रंग त्याच कोऱ्या पट्टीवरून उचला, म्हणून स्कॅन करताना फ्रेमच्या कडेची थोडी पट्टी क्रॉपमध्ये राहू द्या.